खुनी सांगायचा नाही

सिनेमा पाहायचा म्हणून पायात बूट-मोजे घालून स्वतःच्याच घरातल्या खुर्चीवर बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक. रविवारी दुपारची जेवणं झाली की काका इस्त्रीचा शर्ट चढवत, कानामागे अत्तराचं बोट लावत, केसांना पाणी लावून भांग पाडत, मग बैठकीच्या खोलीतून अंगणात जात आणि तेच दार उघडून पुन्हा बैठकीत येत. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन अंगणातल्या फरशीवर पाय ठेवू देत नसे, तेव्हाही यात सवलत नव्हती.

"टॉकीजमंदी आपन बनियनवर जातो का, मॅडम?" मी पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांनी विचारलं होतं.

दारात ते तिकीट फाडत. गुलाबी पतंगी कागदाची तिकिटं ते स्वतःच कापून ठेवत. अर्धं तुमच्या हातात, अर्धं त्यांच्या खिशात. काकूंनाही तिकीट लागे. काकू कोपऱ्यात मेथी निवडत बसायच्या आणि नायिकेचं पहिलं गाणं संपायच्या आत झोपायच्या. पण तिकिटाशिवाय त्यांना आपल्याच घरात झोपायची परवानगी नव्हती.

"याइचं डोस्कं गेलं आहे," काकू मला म्हणायच्या. "पन बरं आहे, इतवारीच जाते. बाकी दिवस जाग्यावर राह्यते."

मी नालवाडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. काकांना जाऊन आता काही महिने झाले. त्यांच्याविषयी लिहावं असं ठरवून मी बरेच दिवस नुसती बसून होते. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला वाटतं, माणूस क्रमानं लिहावा. जन्म, शिक्षण, व्यवसाय. काका तसे आठवतच नाहीत. आठवतात ते बूट. ते तसेच लिहिते.

बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानात नाव टाकायचं मशीन होतं आणि ते मशीन काका दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. लग्नाची गंज-पातेली, ताटं, डबे, सगळ्यांवर त्यांच्या हातची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी मला पाण्याचा एक स्टीलचा गडवा भेट दिला. त्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं: 'भाडेकरू'.

"माझं नाव नाही टाकलंत?" मी विचारलं.

"नाव कायले? नाव बदलत राह्यते. मांगच्याचं नाव वेगळं होतं, पुढच्याचं वेगळं असन. भाडेकरू कायमचा असते."

यात अपमान नव्हता, त्यांच्या मते ही शुद्ध तर्कपद्धती होती. काकांचा तर्कावर फार विश्वास होता. तर्काचा काकांवर मात्र अजिबात नव्हता. माझी छत्री एकदा हरवली. काकांनी जिन्याच्या पायऱ्या वाकून वाकून पाहिल्या, माझ्या चपलांचा चिखल नखानं खरवडून वास घेतला आणि बोरगावच्या दूधवाल्याचं नाव निश्चित केलं. कारण दूधवाला त्या दिवशी नेहमीपेक्षा गोड बोलला होता. दुसऱ्या दिवशी छत्री ग्रंथालयातल्या माझ्याच खिळ्यावर सापडली. मी संकोचून सांगितलं, तर काका गंभीरपणे म्हणाले, "म्हनजे नेऊन ठेवली त्यानं. भ्याला."

असा माणूस गुप्तहेरांच्या सिनेमांचा भक्त असावा, हे ओघानंच आलं.

टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा त्यांनी हा रविवारचा उद्योग सुरू केला. जुने काळे-पांढरे हिंदी सिनेमे, ज्यांत धुकं असतं, हवेली असते आणि कंदील घेऊन कुणीतरी जिना चढत असतं. असे सिनेमे इंटरनेटवर फुकट सापडतात. काका ग्रुपवर लिंक टाकत. प्रत्येकानं आपापल्या घरी सिनेमा उघडून ठेवायचा आणि फोनवर मीटिंग लावून एकमेकांना दिसत बसायचं. आमच्याकडे सिनेमा माझ्या लॅपटॉपवर लागे आणि फोन माझ्याच गडव्याला टेकवून उभा असे. पुलगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हिंगणघाटचे दाताचे डॉक्टर हे नेमाचे. बाकी इकडचे तिकडचे लोक, कधी येत कधी नाही. सगळे हजर झाले की काका उभे राहून म्हणत, "एक... दोन... अन् हाना!" 'हाना'ला सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं.

एकदम कुणाचंच दाबलं जात नसे. कुणाचा सिनेमा जरा पुढे पळे, कुणाचा मागे रेंगाळे. मग पडद्यावर सगळं शांत असताना पुलगावच्या बाई "अगं बाई!" म्हणून किंचाळत आणि बाकीच्यांना कळे, की आता आपल्याही घरी कुणीतरी मरणार आहे. हिंगणघाटचे डॉक्टर तर विनोद यायच्या आधी हसत. काकांना हे सहन होत नसे. त्यांनी त्यावर नियम केला: शेवटचा भाग सुरू झाला की सगळ्यांचे माइक बंद, फक्त अध्यक्षांचा चालू. अध्यक्ष अर्थात तेच.

दुसरा नियम होता, मागचा तो राजा. ज्याचं नेटवर्क सगळ्यात मंद त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. कुणाचा सिनेमा अडकून गोल फिरायला लागला की काका हात वर करत आणि पुलगावपासून हिंगणघाटपर्यंत सगळे गुप्तहेर एक पाय वर उचललेल्या अवस्थेत थिजून उभे राहत.

आणि तिसरा नियम, जो सगळ्यांच्या वर होता: खुनी सांगायचा नाही. खूण नाही, सूचना नाही, गालातल्या गालात हसणं नाही. एकदा डॉक्टर मध्यंतरात एवढंच म्हणाले, की हा सिनेमा मी लहानपणी पाहिलाय. काकांनी त्यांना पुढच्या रविवारी यायची बंदी घातली.

"काका, मी नाव कुठं घेतलं हो?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"नाव नाई घेतलं. पन तुमचा चेहरा समाधानी होता."

या कडकपणाच्या मागे एक गोष्ट होती. ती काकांनी कधी सांगितली नाही. काकूंनी सांगितली, गच्चीवर कुरड्या घालताना.

काका मूळचे आंजीचे. तिथे त्यांचा एक जिवलग मित्र होता, अजूनही आहे. शेती आहे, गावात बियाण्या-खतांचं दुकान आहे. मी त्यांना आंजीकर म्हणेन. दोघं एकाच ताटात जेवलेले, एकाच सायकलवर फिरलेले. ऐन तारुण्यात एकदा दोघं त्या एकाच सायकलवर डबलसीट वर्ध्याला सिनेमा पाहायला आले. हवेलीतल्या मालकाचा खून, घरात पाहुणे भरपूर, प्रत्येकावर संशय. आंजीकरांनी तो सिनेमा आधीच एकट्यानं येऊन पाहिला होता आणि ते मित्रापासून लपवलं होतं. मध्यंतरात फुटाणे खाता खाता ते काकांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मुनीमजीनं मारलं."

काका उठले. हातातले फुटाणे त्यांनी मित्राच्या खिशात ओतले, बाहेर आले, सायकल घेतली आणि आंजीला निघून गेले. आंजीकर सिनेमा पूर्ण पाहून बाहेर आले तर सायकल नाही. ते पायी गावी पोचेपर्यंत उजाडलं होतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? सकाळी तो दारात येऊन हसाले लागला. म्हने, अबे ऐक तं खरं, मजाक केली. हे कान झाकून बसले. म्हने, आता अजून काई सांगू नको. तो सांगाले गेला का हे कान झाकत. तोबी मंग तापला. त्याले पायी चाला लागलं होतं ना! तवापासून बोलनं बंद."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"आमच्या पोरीच्या लग्नात एका पंगतीत बसले. वाढनाऱ्याच्या हातानं एकमेकाले भाजी पाठवली. पन बोलले नाई." काकू सोऱ्यातला चीक दाबत राहिल्या. "याइले दोस्त नाई झाला मंग दुसरा. ओळखी लय झाल्या."

तो सिनेमा काकांच्या यादीत कधीच नव्हता. अर्धा पाहिलेला तो एकच सिनेमा त्यांच्या आयुष्यात होता, आणि त्याचं नाव घरात कुणी घेत नसे.

आता काळ्या चौकोनाविषयी सांगायला हवं. ग्रुप सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा एका रविवारी मीटिंगमध्ये एक नवीन चौकोन उगवला. कॅमेरा बंद, माइक बंद, नावाच्या जागी 'प्रेक्षक'. विचारलं तर उत्तर नाही. पण यायचा दर रविवारी, अगदी वेळेवर. आणि नेटवर्क सगळ्यात मंद त्याचंच. लिहून एवढंच कळवायचा: 'अडकला'. मग आम्ही सगळे थांबायचो. मागचा तो राजा, या नियमाचा खरा राजा तोच होता.

काकांना तर मेजवानीच मिळाली. मध्यंतरात ते भुईमुगाच्या शेंगा फोडत फोनसमोर बसत आणि त्या काळ्या चौकोनाचा तपास करत.

"मले वाटते, हा मानूस कंजूष आहे," ते म्हणत. "कॅमेरा लावला तं बिल वाढन म्हनून अंधारात बसते."

"अहो काका, बाईमाणूसही असू शकेल," पुलगावच्या बाई म्हणत.

"बाई असन तं यवतमाळची. पन मानूसच आहे. याचे कान मोठे असन. अन् याच्या घरी म्हैस आहे, ते याच्यापेक्षा हुशार आहे."

"हे कशावरून?"

"चौकोनावरून. पाहा ना, कसा बसला आहे."

दर रविवारी नवा निष्कर्ष. एकदा तो निवृत्त फौजदार निघाला, एकदा देवळीचा न्हावी, एकदा गुप्तपणे आमच्यावर प्रबंध लिहिणारा प्राध्यापक. पण तपशील मात्र मजेदार असत. याला पोहता येत नाही. लहानपणी याला कुणीतरी नदीतून शेंडी धरून काढलं असणार. हा परीक्षेत दुसऱ्याचं पाहून लिहायचा आणि दुसऱ्यापेक्षा जास्त मार्क घ्यायचा. याच्या लग्नात याचाच फेटा सुटला होता. आम्ही हसून हसून दमायचो. छत्रीचा तपास मला ठाऊक होता, त्यामुळे चौकोनात कोणीही असो, तो म्हैसवाला नक्की नाही, एवढी माझी खात्री होती.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता काकांना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढले की ते थांबत आणि आपण पुरावे शोधतोय असा आव आणत. तपासण्या झाल्या. हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल, नागपूरला, असं ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी धोका आहे हे लपवलं नाही. काकूंनी मेथी निवडायची सोडली आणि नुसत्याच बसून राहू लागल्या.

त्या रविवारी सिनेमा संपल्यावर 'प्रेक्षक'कडून दोन ओळी आल्या. पुलगावच्या बाईंनी त्या मोठ्यांदा वाचून दाखवल्या. एका ओळीत एका सिनेमाचं नाव होतं. दुसरीत फक्त, 'हा लावावा ही विनंती'.

मी नाव ओळखलं नाही. पण कोपऱ्यात झोपलेल्या काकू खाडकन उठून बसल्या.

काका फोनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लावू. पुढच्या इतवारी."

संध्याकाळी काकू जिना चढून माझ्याकडे आल्या. "मॅडम, त्या सिनेमाचं नाव आंजीशिवाय दुसऱ्या कोनाले सुचन? तोच आहे तो चौकोन. कोनाकडून तरी ऑपरेशनचं कानावर गेलं असन त्याच्या." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "याइले सांगू नका. माहीत झालं तं सिनेमा रद्द करन हा मानूस. ऑपरेशनचं देव पाहून घेईन. मले इतकंच पाह्यजे, का नागपूरले जायच्या आधी दोघं एकदा बोलले पाह्यजे. बस."

त्या आठवड्यात काका विलक्षण शांत होते. बुटांना दोनदा पॉलिश झालं. मला म्हणाले, "टेबलावर जीव गेला तं खुनी माहीत नसताना जाईन. हे काही बरोबर नाई, मॅडम. पाहून टाकतो."

"पण तुम्हाला तर माहीत आहे ना, मुनीम..."

त्यांनी ताबडतोब कान झाकले.

रविवार आला. तिकिटं फाटली. 'एक, दोन, अन् हाना' झालं. मी काकांच्या शेजारी बसले होते, लॅपटॉप आमच्या दोघांच्या समोर, बाजूला फोन. मध्यंतरापर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. मुनीमजी पडद्यावर आला की काका हुंकार भरत. मध्यंतरात त्यांनी चौकोनाचा तपास केला नाही. काकू जाग्या होत्या. सिनेमाला जाग्या काकू मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटचा भाग सुरू झाला. सगळ्यांचे माइक बंद झाले. गुप्तहेर हातात कंदील घेऊन हवेलीचा जिना चढू लागला. वरच्या खोलीत खुनी आहे, हे आपल्याला माहीत आहे. कोण ते माहीत नाही. एक पायरी, मग दुसरी. कंदिलाचा उजेड भिंतीवर हलत होता.

आणि काका छातीवर हात ठेवून ओरडले, "अरे बाप्पा! हा? अन् मुनीम नाई?"

पुलगावच्या बाईंना राहवलं नाही, त्यांनी माइक सुरू केला. "काका, तुमचा पुढे पळाला! आमचा अजून जिन्यावरच आहे!"

डॉक्टरही हसले. नेहमीचंच होतं ते. कुणाचा तरी सिनेमा पुढे, कुणाचा तरी मागे.

पण मी शेजारी बसले होते. आमचाही अजून जिन्यावरच होता.

गुप्तहेर आमच्या पडद्यावर आणखी वर चढला, दार ढकललं, कंदील उंच केला, आणि मग तो चेहरा दिसला. मुनीमाचा नव्हता. कुणाचा होता ते मी इथे लिहिणार नाही. काकांना ते चाललं नसतं. काका त्या चेहऱ्याकडे पाहतही नव्हते. ते फोनकडे पाहत होते, खालच्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनाकडे.

बऱ्याच वेळानं, म्हणजे आंजीच्या नेटवर्कवर तो जिना चढून झाल्यावर, त्या चौकोनातून पहिल्यांदाच आवाज आला. जाड, थकलेला.

"नाई ना बे मुनीम?"

"कोन?" काका म्हणाले. इतका वाईट अभिनय मी कुठल्याच काळ्या-पांढऱ्या सिनेमात पाहिला नव्हता. "कोन बोलून राह्यलं?"

"मी आहे. मजाक केली होती तवा. तू ऐकूनच नाई घेतलं."

"अबे, तू? तू होता का त्या चौकोनात?"

"काका, हे कोण?" पुलगावच्या बाईंनी विचारलं.

"हा? यानं मले मध्यंतरात खुनी सांगतला होता."

"खोटा सांगतला होता!" चौकोन गरजला. "अन् यानं सायकल नेली माह्यी! पायी गेलो मी आंजीले, बाई! अख्खी रात!"

"सायकल माह्यी होती!"

"तुया बापाची होती, अन् सीट मी लावली होती!"

सिनेमा कधी संपला ते कुणाला कळलं नाही. सायकलचा निकाल लागेना. ग्रुपमधले सगळे माइक बंद ठेवून ऐकत होते, आणि आमच्या काकू मेथीच्या रिकाम्या सुपड्यात तोंड घालून रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही.

मंडळी पांगल्यावर मी लॅपटॉप बंद करू लागले. काकूंनी चहा टाकला होता. काका बुटांच्या नाड्या सोडत होते. वाकलं की त्यांना दम लागे, म्हणून मी खाली बसले आणि त्यांच्या नाड्या सोडल्या. वर पाहिलं तर ते माझ्याकडेच पाहत होते.

"मॅडम, घाई झाली ना माह्यी?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"दुकानात टीव्ही घेतला त्याच वर्षी दुपारी लागला होता. गिऱ्हाईक उभं, मी काउंटरमांगून पाहून राह्यलो. मुनीम नव्हताच." त्यांनी एक बूट काढून बाजूला ठेवला. "टीव्ही कवा घेतला? पोरगी शाळेत होती तवा."

"मग तेव्हाच का नाही गेलात आंजीला?"

"कोनत्या तोंडानं जाऊ? एखांदं वर्ष रुसला मानूस, तं माफी मागता येते. त्याच्यावर गेलं का रुसवा खानदानी होऊन जाते. मंग तो उतरवाले बी खानदानी निमित्त लागते." त्यांनी मोजे काढून बुटांत नीट खोचले. "आंजीले हे जाऊ देऊ नका. त्याले वाटू द्या, त्यानंच दाखवला." मी तसा शब्द दिला.

नागपूरचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर आंजीकर दर रविवारी एसटीनं यायला लागले. उंच, वाकलेले, खांद्यावर दुपट्टा, आणि कान खरोखरच मोठे. काका त्यांचं तिकीट फाडत आणि ते प्रत्येक वेळी म्हणत, "अर्धंच देतो का बे?" सिनेमा सुरू असताना दोघं इतके बोलत की पुलगावच्या बाईंनी शेवटी अध्यक्षांचाही माइक बंद करायचा ठराव मांडला. आणि आंजीकर ज्याला त्याला, दूधवाल्यालासुद्धा, सांगत: "हा मेला असता खुनी न पाह्यता. मी दाखवला याले." काका मान खाली घालून शेंगा फोडत. कबुली दिलेल्या गुन्हेगारासारखे.

थंडीच्या एका सकाळी काका झोपेतून उठलेच नाहीत. वेदना झाल्या नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचा तर्क बरोबर असावा, एवढं एक मागणं मला उरलं.

तेरवी झाल्यावर आंजीकर पुन्हा आले. या वेळी रविवार नव्हता. अंगणात मी एकटीच होते. खुर्ची दिली तरी ते पायरीवर बसले. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मॅडम, एक गोष्ट इचारू? याच्या पुतन्यानं काल मले सांगतलं. मले ते ग्रुपची लिंक त्यानं देली होती, सहज म्हनून. तो आता म्हनते, काकानंच द्याले लावली होती. म्हने, सहज देल्यासारखी दे."

मीही खुर्ची सोडून पायरीवर बसले.

"म्हनजे मी कोन ते त्याले पयल्या दिवसापासून माहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग सिनेमाचं? तुमी बाजूले बसल्या होत्या. मुनीम नाई, हे त्याले त्या दिवशी समजलं का आधीच माहीत होतं?"

मी शब्द दिला होता. शब्द पाळायचा म्हणजे खोटं बोलायचं, की गप्प बसायचं, हे मात्र काकांनी सांगून ठेवलं नव्हतं. मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं. ग्रंथालयात मी तेच करत आले आहे. पण आंजीकरांनी माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना काय दिसायचं ते दिसलं.

"असं आहे," ते म्हणाले.

काकांचे सगळे गमतीचे तर्क त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसत होते. ते बोटावर दुपट्टा गुंडाळत होते, सोडत होते.

"म्हनजे तो कंजूष म्हने, ते मले."

"हो."

"म्हैस हुशार आहे... ते बी मले?"

"हो."

"अन् नदीतून शेंडी धरून काढला..." दुपट्ट्याचं टोक त्यांच्या बोटावरून सुटलं. "यानंच काढला होता हो. यानंच. मी तिकडे बसून दात खाऊन राह्यलो, का या हरामखोराले एवढं कसं बरोबर सुचून राह्यलं!"

आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि आवाज ऐकून काकू पाण्याचा पेला घेऊन धावत बाहेर आल्या.

"काय झालं, भाऊजी?"

त्यांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"वहिनी, मी गावभर सांगत फिरलो, का हा मानूस इतकी वर्षं मायाशी बोलला नाई. दर इतवारी बोलून राह्यला होता हा. मीच माइक बंद करून बसलो होतो."